दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ: चार ठिकाणी चार आकडे का दिसतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर एका साइटवर 310 किलोमीटर दिसतं, दुसरीवर नुसतंच 167 लिहिलंय, ट्रॅकिंग अ‍ॅपमध्ये विमान 345 किलोमीटर उडालेलं दिसतं, तिकिटावर वेळ सव्वा तास आणि तेच अ‍ॅप सांगतं की विमान हवेत होतं फक्त 48 मिनिटं. शिवाय परत येतानाच्या तिकिटावर 1 तास 5 मिनिटं. यातलं खरं काय धरायचं, आणि तिथे उतरून 50 मिनिटांत पुढची फ्लाइट मिळेल का?

मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे, म्हणजे विमान सुटायच्या आधी रूट, इंधन, वारा, वजन हे सगळं बघून फ्लाइट प्लॅन काढायचं काम, त्यामुळे हे आकडे रोज डोळ्यांसमोर असतात. तुमचे सगळे आकडे बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा वेगळीच गोष्ट मोजतोय आणि साइटवाले ते सांगत नाहीत, एवढाच घोळ आहे.

आधी 310 आणि 167 चं बघू कारण ते सोपं आहे. 167 हे नॉटिकल मैल आहेत. एक नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, गुणून बघा, 309 च्या वर येतं. विमानाचं सगळं काम नॉटिकल मैलात आणि नॉटमध्ये चालतं, नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल. घोळ कुठे होतो तर काही साइट नुसतं 'मैल' लिहितात आणि माणूस आपला रस्त्याचा मैल समजून 1.6 ने गुणतो, मग 310 चे 267 होतात आणि वाटतं साइट चुकलीये. रस्त्याच्या मैलात हेच अंतर 193 च्या आसपास येईल. त्यामुळे आकडा दिसला की आधी एकक बघायचं.

हे 310 कुठून येतं? पृथ्वीच्या पाठीवरून दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची रेघ, ग्रेट सर्कल म्हणतात तिला. दोन्ही विमानतळांचे अक्षांश रेखांश घ्यायचे, पृथ्वीची त्रिज्या 6371 किलोमीटर धरायची आणि सूत्रात टाकायचं. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे जरा चपटी आहे, म्हणून या पद्धतीत जास्तीत जास्त अर्धा टक्का फरक पडू शकतो, म्हणजे तुमच्या 310 वर दीड किलोमीटर. सोडून द्या. आणि विमानतळाचा 'बिंदू' म्हणजे टर्मिनलचा दरवाजा नव्हे, प्रत्येक विमानतळाला एक ठरवून दिलेला संदर्भ बिंदू असतो, बहुतेक वेळा धावपट्टीच्या मध्याजवळ.

छोट्या अंतराला तर सूत्रसुद्धा लागत नाही, कागदावर येतं. नॉर्वेतलं बर्गन आणि स्टाव्हांगर घ्या. बर्गनचा विमानतळ 60.29 उत्तर, 5.22 पूर्व. स्टाव्हांगरचा 58.88 उत्तर, 5.64 पूर्व. एक अंश अक्षांश म्हणजे 60 नॉटिकल मैल, हे एकच लक्षात ठेवायचं. अक्षांशातला फरक 1.41, गुणिले 60, झाले 84.6 मैल (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैलच). रेखांशातला फरक 0.42, गुणिले 60 म्हणजे 25.2, पण रेखांश ध्रुवाकडे जवळ जवळ येत जातात म्हणून याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं, 59.6 अंशाचा कोसाइन साधारण 0.506, तर झाले पावणेतेरा मैल. आता शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर साडेपंच्याऐंशी मैल, म्हणजे साधारण 158 किलोमीटर. मोठ्या सूत्राने काढलंत तरी याच्या एक दोन किलोमीटर इकडेतिकडे येईल.

इथे एक नेहमीचा खड्डा आहे तो सांगतो. सरकारी विमान माहिती पुस्तिकेत हे आकडे अंश आणि मिनिटांत छापलेले असतात. बर्गन 60 अंश 17 मिनिटं असं दिसलं की लोक कॅल्क्युलेटरमध्ये 60.17 टाकतात. पण 17 मिनिटं म्हणजे 0.17 नाही ना, 60 ने भागायचं, 0.28 आणि वरचे सेकंद धरून 0.29. या एका गोष्टीने 13 किलोमीटरचा फरक पडतो आणि 158 च्या अंतरात तो लगेच दिसतो. अजून एक, नाव बघून विमानतळ निवडू नका, कोड बघा. कॅनडात नोव्हा स्कोशियात सिडनी नावाचा छोटा विमानतळ आहे आणि ऑस्ट्रेलियाला निघालेली माणसं तिथे जाऊन उतरल्याच्या बातम्या झालेल्या आहेत, म्हणजे गंमत नाही ही.

आता 345. विमान सरळ रेघेत उडत नाही. सुटताना धावपट्टी ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला आधी जावं लागतं, मग ठरवून दिलेल्या वाटेने बाहेर पडायचं, मग हवाई मार्गावरचे पाच अक्षरी नावांचे बिंदू एकेक करून घ्यायचे, लष्कराची हद्द असेल तर वळसा, मध्ये डोंगर असेल तर उंची मिळेपर्यंत वळसा, आणि उतरताना परत धावपट्टीच्या रेघेत यायला आठ दहा मैल आधी फिरून यायचं. लांबच्या फ्लाइटला हे सगळं मिळून दोन चार टक्के वाढतात, पण जवळच्या फ्लाइटला दोन्ही टोकांची फिरवाफिरव तेवढीच राहते आणि मधला सरळ भाग लहान होतो, म्हणून टक्का वाढतो. 310 चे 345 म्हणजे 11 टक्के, माझ्या मते अगदी नॉर्मल. हवाई हद्द बंद झाली तर काय होतं हे 2022 मध्ये सगळ्यांनी बघितलं, रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो जी फ्लाइट साडेनऊ तासांच्या आसपास होती ती तेराला गेली. दोन्ही विमानतळ जागच्या जागी, ग्रेट सर्कल अंतर तेच.

बरं, वेळ. इथे खरी मजा आहे.

तिकिटावरचा सव्वा तास म्हणजे ब्लॉक टाइम. विमानाच्या चाकाखालचा चॉक, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, काढला आणि विमान जागेवरून हललं तिथून घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या टोकाला पार्किंगवर थांबलं की बंद. आमच्याकडे चार वेळा नोंदवतात, जागेवरून निघाल्याची, चाकं जमिनीवरून सुटल्याची, चाकं टेकल्याची आणि जागेवर पोहोचल्याची. अ‍ॅपवरचे 48 मिनिटं म्हणजे यातल्या मधल्या दोन वेळांमधला फरक. उरलेले 27 मिनिटं टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून पार्किंग ते धावपट्टी चालत जाणं येणं), थांबाथांब आणि थोडी गादी. गादी म्हणजे काय ते पुढे सांगतो.

अ‍ॅपवाल्या 48 वर पण डोळे झाकून विश्वास नको. विमान आपली जागा रेडिओवरून सतत सांगत असतं आणि जमिनीवरचे रिसीव्हर ते पकडतात. मोठ्या शहराभोवती रिसीव्हर भरपूर, पण छोट्या विमानतळाजवळ एखादाच, मध्ये टेकडी असली की विमान काही हजार फूट वर आल्याशिवाय दिसतच नाही. मग अ‍ॅप सुटायची आणि टेकायची वेळ अंदाजाने भरतं. विमान स्क्रीनवर धावपट्टीच्या आधीच गायब होताना बघितलं असेल तुम्ही, ते हेच.

छोट्या विमानतळावर टॅक्सी पटकन होते असं लोकांना वाटतं आणि बरेचदा ते खरंही आहे, पण एक गोष्ट बघा. कित्येक छोट्या ठिकाणी धावपट्टीला समांतर टॅक्सीवे नसतोच. पार्किंगमधून बाहेर आलेला रस्ता थेट धावपट्टीच्या मध्यावर निघतो. मग विमानाला धावपट्टीवरूनच उलट्या दिशेने शेवटच्या टोकापर्यंत जावं लागतं, तिथे 180 अंशात वळायचं आणि मग टेकऑफ. यात चार पाच मिनिटं जातात आणि तेवढा वेळ धावपट्टी अडलेली, त्यामुळे वरून कोणी येत असेल तर तुम्ही आधी खालीच थांबणार. रडार नसेल तर अजूनच हळू, कारण दोन विमानांमध्ये वेळेच्या हिशोबाने मोठं अंतर ठेवतात, एक उतरून बाजूला झालं की मगच दुसऱ्याला पुढे सोडतात. खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं आकाश रिकामं आहे मग हे थांबलेत कशाला.

वरती थांबवलं तर होल्डिंगमध्ये गोल फिरवतात. एक फेरी साधारण चार मिनिटांची, एक मिनिट वळायला, एक मिनिट सरळ, परत एक वळायला, एक सरळ. वारा असेल तर थोडं कमी जास्त. म्हणजे दोन फेऱ्या झाल्या की आठ मिनिटं गेली, तुमच्या 48 च्या मानाने हे किती मोठं आहे बघा. दहा तासांच्या फ्लाइटला आठ मिनिटं कोणाला कळतही नाहीत.

आता वेग. तुमच्या रूटवर बहुतेक एटीआर 72 सारखं पंख्याचं विमान असणार, टर्बोप्रॉप. त्याचा क्रूझचा, म्हणजे वर पोहोचून सरळ उडतानाचा, वेग 270 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी 500 किलोमीटर. 345 किलोमीटर म्हणजे 186 मैल, भागिले 270, झाले 41 मिनिटं. पण चढताना आणि उतरताना विमान क्रूझच्या वेगाने जात नाही, एटीआर तर चढताना बरंच हळू असतं, त्याचे सात आठ मिनिटं मिळवा. 48, 49. जुळलं तुमच्या अ‍ॅपशी. डॅश 8 क्यू400 असेल तर ते 360 नॉटपर्यंत जातं, आणि मोठं जेट 450 च्या आसपास.

इथे लोक लगेच हिशोब करतात की जेट असतं तर निम्म्या वेळात पोहोचलो असतो. नाही होत तसं. जेटचा वेग वरती, तीस पस्तीस हजार फुटांवर. उतरायचा साधा नियम असा की दर हजार फुटाला तीन मैल लागतात, म्हणजे 35 हजारावरून खाली यायला 105 मैल. तेवढं वर चढायलाही जवळपास तितकेच मैल गेले. तुमचं अख्खं अंतर 186, म्हणजे वर पोहोचायच्या आधीच खाली यायची वेळ झाली, त्यामुळे जेट तेवढं चढतच नाही, मध्येच कुठेतरी थांबतं. शिवाय 10 हजार फुटांच्या खाली बहुतेक ठिकाणी 250 नॉटची मर्यादा असते, सगळ्यांना सारखीच. हे सगळं धरलं तर जेट तुमच्या रूटवर 36 ते 38 मिनिटं हवेत असेल. म्हणजे वाचले दहा बारा मिनिटं, आणि त्यासाठी इंधन बरंच जास्त. म्हणून या अंतरावर कंपन्या पंख्याचं विमान लावतात आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर 500 किलोमीटरच्या आत तेच शहाणपणाचं आहे, आवाज होतो ही तक्रार मान्य.

वारा. विमानाचा वेग हवेच्या हिशोबात असतो आणि तुम्हाला जायचं असतं जमिनीच्या हिशोबात. 40 नॉटचा वारा समोरून आला तर 270 चे 230 झाले, 186 मैलांना साडे अठ्ठेचाळीस मिनिटं. तोच वारा मागून आला तर 310, आणि 36 मिनिटं. साडेबारा मिनिटांचा फरक, तोही मध्यम वाऱ्याला. तुमच्या तिकिटावर जाण्या येण्यात दहा मिनिटांचा फरक आहे तो बहुतेक याचाच आहे, कारण मध्यम अक्षांशांत वरचा वारा बहुतांशी पश्चिमेकडून पूर्वेकडे असतो आणि हिवाळ्यात जास्त जोरात, त्यामुळे पश्चिमेला जाणारी फ्लाइट कागदावरच जास्त वेळाची ठेवतात. टाइमटेबल पण वर्षात दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि त्यात त्या सीझनचा सरासरी वारा धरलेला असतो.

दोन गोष्टी यात लोकांना पटत नाहीत. एक म्हणजे बाजूने वाहणारा वारा. 40 नॉटचा वारा बरोबर काटकोनात आला तरी विमान नाक जरा वाऱ्याकडे वळवून उडतं आणि जमिनीवरचा वेग 270 चा 267 होतो, बस. हादरे बसतील पण उशीर नाही होणार. दुसरी म्हणजे जाताना गेलेलं येताना पूर्ण भरून निघत नाही. वरचे आकडे घ्या, जाऊन येऊन साडेचौऱ्याऐंशी मिनिटं, आणि वारा नसता तर पावणेत्र्याऐंशी. कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता, मागच्या वाऱ्यात कमी वेळ असता.

वाऱ्यापेक्षाही जास्त त्रास देणारी आणि कुठल्याच साइटवर न दिसणारी गोष्ट म्हणजे धावपट्टीची दिशा. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करूनच सुटतं आणि उतरतं. समजा तुम्हाला पूर्वेला जायचंय आणि आज वारा पश्चिमेचा आहे, तर सुटणार पश्चिमेकडे, मग पूर्ण वळून मागे. तिकडे पोहोचल्यावर पश्चिमेकडे तोंड करून उतरायचं म्हणजे विमानतळाच्या पलीकडे जाऊन परत फिरून यायचं. दोन्ही टोकांचं मिळून दहा मिनिटं सहज जातात. उलट दोन्हीकडे सरळ मिळालं तर तीच फ्लाइट दहा मिनिटं आधी पोहोचते आणि पायलट माइकवरून जरा खुशीत बोलतो.

गादी म्हणजे काय तर कंपनी मागच्या सीझनच्या प्रत्यक्ष वेळा काढते आणि ब्लॉक टाइम असा ठेवते की बऱ्यापैकी जास्त फ्लाइट त्यात बसाव्यात. ठरल्या वेळेनंतर 15 मिनिटांच्या आत पोहोचली तर ती वेळेवर धरतात. म्हणून बरेचदा फ्लाइट वीस मिनिटं उशिरा सुटून फक्त पाच मिनिटं उशिरा पोहोचते आणि लोकांना वाटतं पायलटने वेगात आणलं. थोडं आणता येतं, खोटं नाही, पण 48 मिनिटांच्या उड्डाणात वेग वाढवून दोन तीन मिनिटांपलीकडे काही मिळत नाही. बाकीचं गादीतून भरलं जातं. यात फसवणूक आहे का, तर मला नाही वाटत, खरी वेळ कमी सांगून रोज उशीर करण्यापेक्षा हे बरं.

तुम्हाला स्वतःला कुठल्याही दोन छोट्या विमानतळांसाठी अंदाज काढायचा असेल तर मी असा काढतो: सरळ अंतर नॉटिकल मैलात घ्या, त्यात दहा टक्के मिळवा, विमानाच्या क्रूझ वेगाने भागा, त्यात टर्बोप्रॉपला आठ आणि जेटला बारा मिनिटं मिळवा. हा झाला हवेतला वेळ. वर टॅक्सी आणि गादीचे वीस पंचवीस मिनिटं, हा ब्लॉक टाइम. बर्गन स्टाव्हांगरला लावून बघा, 85 चे 94 मैल, 270 ने भागून 21 मिनिटं, अधिक आठ, 29. तिथलं टाइमटेबल पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांचं असतं, म्हणजे तिथे गादी कमी ठेवतात. गाडीने जायचं तर मध्ये खाड्या आणि फेरी बोटी, साडेचार पाच तास लागतात. असा रूट चालतो तो विमानाच्या वेगामुळे नाही, खाली पाणी आहे म्हणून.

अगदी टोकाचं उदाहरण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, 2.7 किलोमीटर, जगातली सगळ्यात छोटी नियमित फ्लाइट, 1967 पासून चालू आहे. टाइमटेबलात दोन मिनिटं, आणि वारा चांगला मिळाला तर एका मिनिटाच्या आत झाल्याचा विक्रम आहे, 53 सेकंद. तिथे अंतर भागिले वेग केलंत तर काहीच अर्थ निघत नाही. नेपाळमधलं लुक्ला दुसऱ्या टोकाचं, काठमांडूहून अर्ध्या तासाचं उड्डाण, पण 527 मीटरची चढावाची धावपट्टी आणि दुपारनंतर ढग वारा, त्यामुळे फ्लाइट सगळ्या सकाळी, आणि हवा बिघडली की अर्ध्या तासाचे दोन दिवस होतात. गर्दीच्या सीझनमध्ये या फ्लाइट काठमांडूऐवजी रामेछापहून सोडतात, तिथून हवेत वीस मिनिटंच, पण रामेछापला पोहोचायला रात्रीच निघून चार पाच तास गाडीत. कुठला आकडा 'प्रवासाचा वेळ' म्हणायचा ते तुम्हीच ठरवा.

हो, आणि तिकिटावर सुटायची आणि पोहोचायची वेळ दोन्ही त्या त्या ठिकाणच्या स्थानिक घड्याळाची असते, नुसती वजाबाकी करू नका. सामोआ आणि अमेरिकन सामोआ एकमेकांपासून अर्ध्या पाऊण तासाच्या उड्डाणावर आहेत, पण मधून तारीखरेषा जाते, घड्याळात 24 तासांचा फरक. शनिवारी दुपारी सामोआतून निघालात तर पलीकडे शुक्रवारी दुपारी पोहोचता.

आता तुमचे 50 मिनिटं. दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर असतील तर कंपनीने त्या विमानतळाची किमान कनेक्शन वेळ बघूनच ते विकलंय, हुकली तर पुढच्या फ्लाइटमध्ये बसवणं हे त्यांचं काम, जा बिनधास्त. वेगवेगळी तिकिटं असतील तर मी स्वतः 50 मिनिटांवर जाणार नाही. कारण 50 हे चॉक लागल्यापासून मोजलेत, दार उघडायला तीन चार मिनिटं, छोट्या विमानाला बहुतेक वेळा एअरोब्रिज (दारापासून थेट टर्मिनलमध्ये नेणारा पूल) मिळत नाही म्हणून बस, त्यात दहा, सामान टाकलेलं असेल तर ते घेऊन परत चेक इन करायचं, आणि पुढच्या फ्लाइटचं गेट सुटायच्या पंधरा वीस मिनिटं आधी बंद. हातात काय उरलं बघा. तरी जायचंच असेल तर ट्रॅकिंग अ‍ॅपवर त्या फ्लाइटचे मागचे दोन आठवडे काढा, हवेतले 48 मिनिटं बघू नका, पार्किंगवर थांबल्याची वेळ बघा, आणि त्यातले सगळ्यात वाईट तीन दिवस वेगळे काढा. त्या तीन दिवशी तुमची पुढची फ्लाइट मिळाली असती का एवढंच तपासा. नसती मिळाली तर आदली फ्लाइट घ्या, किंवा सामान फक्त हातातलं ठेवा आणि पुढची दिवसातली शेवटची फ्लाइट नाही ना एवढं बघून ठेवा.